ती कावीळ नव्हती

माझ्या आजाराचं पहिलं लक्षण असं होतं, की मी फार सुखात होतो.

आता सुखी माणसाला कोण दवाखान्यात नेतं? पण मंडळी, मी वेरूळला गाइड आहे. उभं आयुष्य बोलून पोट भरलेला माणूस. माझं सुख तोंडावाटेच बाहेर पडणार. गेल्या वर्षी ते इतकं बाहेर पडायला लागलं, की एका बँकेच्या सहलीला मी कैलास लेणं दाखवायला घेतलं आणि दाखवणं संपवलंच नाही. पाणी नाही, जेवण नाही, टेकणं नाही. बँकेतली माणसं एकेक करून गाडीत जाऊन बसली. शेवटी मॅनेजर तेवढे उरले, तेही सभ्य होते म्हणून. त्यांना मी दंडाला धरून सांगितलं, "साहेब, इथली लेणी अपुरी राहिलीत. पुढचं लेणं मी खोदणार." दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून पोतंभर छिन्न्या आणि हातोडे घेऊन मी घरी हजर.

"हे काय?" मंगलनं विचारलं.

मंगल म्हणजे माझी बायको. सिडकोत शिवणाचा क्लास चालवते आणि माझी थाप टाक्यावरून ओळखते.

"इतिहास," मी म्हणालो.

तिनं पोत्यात हात घालून एक छिन्नी बाहेर काढली, माझ्या डोळ्यांकडं पाहिलं आणि छिन्नी सावकाश खाली ठेवली. ती घाबरली होती. मला मात्र ती कौतुकानं गप्प झाली असं वाटलं.

मग एका सकाळी सगळं सुख उतरलं. रात्रभर नळ उघडा राहावा आणि सकाळी टाकीत खडखडाट असावा, तसं. मी गादीवर पडलो तो उठेचना. बोलणारा माणूस बोलेना, तेव्हा मंगलनं रिक्षा बोलावली.

निदान

डॉक्टर वयानं माझ्या मुलीएवढे. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर, आणि समजावलं की यात मन दोन टोकांना जातं. वर गेलं की छिन्न्या, खाली गेलं की गादी.

"म्हणजे वेड नाही ना?" मंगलनं विचारलं.

"आजार आहे, ताई. बीपी असतं तसा. गोळ्या आहेत. काही दिवस भरती करू."

"बरं. पण डॉक्टर, पोरीचा साखरपुडा महिन्यावर आलाय. तिच्या सासरी काय सांगायचं?"

यावर डॉक्टरांकडं गोळी नव्हती.

इथं एक गोष्ट उघड करून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या दिवसांत मला जगायचं नव्हतं. रडू येत नव्हतं, कुणाचा राग नव्हता. नुसतं ठरलं होतं. शीतल माझी एकुलती लेक. तिचा साखरपुडा उरकला की बापाचं काम संपलं, मग मी मोकळा. हा माझा बेत. त्यासाठी घरी जायला हवं होतं, आणि घरी जायला बरं दिसायला हवं होतं. दिसणं हा तर आमचा धंदा.

माळ

शीतलचं सासर करमाडचं. होणाऱ्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई कांताबाई, शेती, म्हशी आणि अख्खी भावकी एका आवाजात सांभाळणाऱ्या. मंगलनं त्यांना फोनवर सांगितलं, "ह्यांना कावीळ झालीय. विश्रांती सांगितलीय."

कावीळ निवडली, कारण ती सभ्य असते. कावीळ झालेल्या माणसाशी सोयरीक मोडत नाहीत.

पण मंगलच्या एक लक्षात आलं नाही. खेड्यात कावीळ झाली म्हटलं की डॉक्टरआधी माळ येते. कुठल्यातरी मुळीच्या काड्यांची ही माळ गळ्यात घालतात. कावीळ जसजशी उतरते तसतशी माळ लांबत जाते, अशी समजूत. कांताबाईंनी दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून माळ घरी पोचती केली. आता घरातल्या खोट्यासाठी मला दवाखान्यात खरी माळ घालणं भाग होतं. आणि ती लांबायला लागली की हो! काड्या सुकतात, गाठी सैल होतात, माळ खाली येते. कावीळ झालेलीच नव्हती, तरी ती उतरत उतरत माझ्या बेंबीपर्यंत आली.

"माळ कुठवर आली, इहीणबाई?" कांताबाई रोज फोनवर विचारायच्या.

"बेंबीशी," मंगल सांगायची, आणि ते मात्र शंभर टक्के खरं असायचं.

वॉर्ड

वॉर्डात सकाळ चहानं सुरू व्हायची. मग गोळ्या. गोळी सिस्टरसमोर गिळायची, आ करून दाखवायचा, जीभ वर, जीभ खाली. मग अंघोळ, नाश्ता, डॉक्टरांचा राउंड. पट्टा, चाकू, कात्री सगळं दारात जमा. दुपारी कॅरम. संध्याकाळी भेटीला येणारी माणसं, डब्यात वरणभात आणि तोंडावर उसनं हसू.

गोळ्यांनी अंगात थोडा जीव आला, तसा मी कामाला लागलो. राउंड आला की मी पुढं. "डॉक्टरसाहेब, या. डावीकडं पाहा, निद्रिस्त अवस्थेतली भव्य मूर्ती. हे शिल्प एकाच खाटेत घडवलेलं आहे." शेजारच्या खाटेवरचे पाटील, जे आल्यापासून भिंतीकडं तोंड करून होते, ते चक्क खुदकन हसले. डॉक्टर खूश. "दिनकरराव, छान प्रगती आहे तुमची."

मी जितकं हसवत होतो, तितका घराच्या जवळ सरकत होतो. घरी गेल्यावर काय, ते फक्त मला ठाऊक होतं.

एक बाई हसायची नाही. म्हणजे हसायची, पण हसून झाल्यावर बघत राहायची.

नसरीन सिस्टर. वॉर्डाची इन्चार्ज आणि नर्सिंगच्या मुलींची मास्तरीण. जुन्या शहरातली, बापाचं हिमरू शालींचं दुकान होतं. बोलणं आमच्यासारखंच मराठी. चिडली की दखनी. जेवणाच्या हॉलमध्ये दुपारी ती मुलींचा तास घ्यायची आणि मी खुर्ची ओढून बसायचो. इतिहास म्हटलं की मला राहवत नाही.

"आधी या कामाला नर्स नव्हती," ती सांगत होती. "पहिलवान लागायचा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. काम काय? बांधायचं, मोजायचं, कुलूप लावायचं. परदेशात तर सुटीच्या दिवशी लोक वेडे बघायला जायचे, पैसे देऊन."

"गाइड असायचा का?" मी विचारलं.

"असेल की. तुमचंच खानदान."

मुली फिसफिसल्या. मी उठून मुजरा केला.

"मग काही डॉक्टरांनी साखळ्या काढल्या," ती पुढं म्हणाली. "लोकांना वाटलं, आता हे वेडे सगळ्यांना मारत सुटणार. तसं काही झालं नाही. बरीच माणसं नुसती उन्हात जाऊन बसली. मग नर्स आली. पण तिच्या हातात पण किल्ल्याच. अंघोळ घाला, जेवू घाला, गप्प राहा. पेशंटशी जास्त बोललं तर वेड वाढतं, असं शिकवायचे. लई वर्षं तसंच चाललं. मग नर्सेसनीच विचारलं, डॉक्टर घटकाभर येतो, आपण दिवसभर इथं असतो. मग आपलं बोलणं हेच औषध का नाही? अमेरिकेतल्या एका नर्सनं त्यावर पुस्तकच लिहिलं. आता सांगा, तुमच्या हातात काय आहे?"

"मोबाइल," एक मुलगी म्हणाली.

"तो ठेव बाजूला. कान आहेत का, कान?"

मग तिनं मुलींना नियम सांगितले. 'काळजी करू नका' म्हणायचं नाही. ते आपल्या समाधानासाठी असतं. 'असं का वाटतं' विचारायचं नाही. 'का' विचारलं की पेशंट वकील होतो. सल्ला द्यायची घाई नाही. आणि उगी बसता आलं पाहिजे.

"हे सगळ्यात अवघड," ती म्हणाली आणि का कोण जाणे, माझ्याकडं पाहिलं.

टुरिस्ट

संध्याकाळी ती माझ्या खाटेपाशी येऊन बसली. समोर नाही, जरा तिरकी. काही विचारेना.

गाइड लोकांचा एक नियम असतो: शांतता पडू द्यायची नाही. पाहुणा शांत झाला की नको तो प्रश्न विचारतो. आणि प्रश्नाचं उत्तर येत नसलं की गोष्ट सांगायची. मी तिला एक राजा, दोन राण्या आणि आधी कळस मग पाया अशी कैलास लेण्याची सगळी गोष्ट ऐकवली. हातवारे, आवाज, सगळं.

गोष्ट संपली. ती अजून बसलेली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही मला फिरवताय. मी काय टुरिस्ट नाही."

"मग काय दाखवू तुम्हाला?"

"जे दाखवायचं नाही ठरवलंय, ते. आज नको. तुम्हाला वाटेल तेव्हा."

आणि उठून गेली. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. पहिल्यांदाच असं वाटलं, की माझ्या बेताला कुठंतरी तडा जाऊ शकतो. मला या बाईची भीती वाटायला लागली.

सरकारी वास्तू

सांगायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. एकदा केला. मंगल डबा घेऊन आली होती. साखरपुड्याला किती माणसं, पेढे कुठले, शीतलची साडी गुलमंडीतून घेतली ती बदलायची का, असं सगळं सांगत होती. मी मध्येच म्हणालो, "मंगल, मला नाही वाटत की मी फार दिवस…"

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. भाजीचा हात, हळदीचा वास.

"अभद्र बोलू नका. वास्तू तथास्तु म्हणते."

आमच्याकडं हे फार पाळतात. तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही. काढला तर घर 'तथास्तु' म्हणतं आणि ते खरं होतं. माझ्या आईनं मंगलला शिकवलं, मंगलनं शीतलला. आमच्या घरात कुणी मेलं तरी 'गेले' म्हणतात.

"ही सरकारी वास्तू आहे गं," मी म्हणालो. "इथं तथास्तु म्हणायलासुद्धा साहेबांची सही लागत असेल."

ती हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि पुन्हा पेढ्यांकडं वळली. मी पण वळलो. पुन्हा सांगायचं नाही असं त्याच वेळी ठरवून टाकलं.

नाटक

साखरपुडा रविवारी. माझी दवाखान्यातून सुटी शुक्रवारी दुपारी, आणि शुक्रवारी सकाळी नर्सिंगच्या मुलींचं पथनाट्य, दवाखान्याच्या आवारात. विषय तोच: वेड्यांची देखभाल, साखळीपासून आजपर्यंत. मी सूत्रधार. कुणी नेमलं? कुणीच नाही. नाटक म्हटल्यावर मी आपोआप नेमला जातो.

गुरुवारी हॉलमध्ये शेवटची तालीम. पहिला प्रवेश, पहिलवान आणि किल्ल्या: फक्कड. दुसरा, डोक्याला पांढरी टोपी घातलेली मुकी नर्स: बरा. तिसऱ्यात अश्विनी नावाची मुलगी आजची नर्स झाली होती. समोर तिची मैत्रीण पेशंट होऊन मान खाली घालून बसलेली. अश्विनी वाक्यं अशी म्हणत होती, जशी बसस्टँडवर घोषणा चाललीय.

"अगं, ही काय रीत झाली?" मी मध्ये घुसलो. "ऊठ. बघ, मी करून दाखवतो."

मी नर्सच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची तिरकी केली. आवाज खाली आणला, मऊ केला. मुली खूश.

"झोप लागते का तुम्हाला?"

"नाही," पेशंट झालेली मुलगी म्हणाली.

"जेवण गोड लागतं?"

"नाही."

"पूर्वी आवडायचं असं काही आता करावंसं वाटतं?"

"नाही."

आता पुढचं वाक्य. प्रवेशातलं महत्त्वाचं वाक्य. अश्विनीनं ते दहा वेळा म्हटलेलं मी ऐकलं होतं, तिला उच्चार सुधारून दिले होते. जीव द्यायचा विचार मनात येतो का?

"जीव…" मी म्हणालो.

आणि पुढं काही आलं नाही.

पुन्हा घेतलं. "जीव द्यायचा…" सभेसमोर माझा आवाज कधी गेला नव्हता. पावसात नाही, वाऱ्यात नाही, माइक बंद पडल्यावर नाही. मी तोंड उघडं ठेवून बसलो. त्या मुलीच्या वाकलेल्या मानेकडं बघत होतो आणि ती मान माझी वाटत होती.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. "काका, काय पॉज घेतला!"

"हाच ठेवायचा उद्या!"

नसरीन सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

"पोरींनो, चहा घेऊन या," ती म्हणाली.

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. आणि सावकाश या."

येतो

ती आली आणि त्या मुलीच्या रिकाम्या खुर्चीत बसली. पेशंटच्या. मी अजून नर्सच्याच खुर्चीत. हॉलच्या मागच्या अंगाला स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी घासत होतं.

"वाक्य अडलं, भाऊ."

"वय झालं, सिस्टर. पाठांतर राहत नाही आता."

"सगळ्या राजांच्या सनावळ्या पाठ आहेत तुम्हाला."

मी एक विनोद काढला. चांगला होता, अजून वापरतो. ती हसली नाही. दुसरा काढला, तो अर्ध्यातच मेला. मग मी गप्प झालो. ती पण गप्प. भांड्यांचा आवाज थांबला. इतकी लांब शांतता मी आयुष्यात कधी पडू दिली नव्हती, आणि ही बाई तिच्यात आरामात बसली होती.

मग तिनं विचारलं. चहात साखर किती, असं विचारावं तशा आवाजात.

"भाऊ, जीव द्यायचा विचार येतो का तुमच्या मनात?"

'नाही' माझ्या जिभेवर तयार होतं. नाही म्हटलं की शुक्रवार, शुक्रवारनंतर रविवार, आणि मग मोकळा. एवढंसं 'नाही'. मी तिच्याकडं पाहिलं. तिला उत्तर कुठलंही चालणार होतं, फक्त खरं हवं होतं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"येतो," मी म्हणालो.

तिनं देवाचं नाव घेतलं नाही. 'असं कसं बोलता' म्हणाली नाही. मुलीची शपथ घातली नाही.

"ठरवलंय पण?"

"व्हय."

"कधी?"

"रविवार झाला की."

"आणि हे एकटेच घेऊन फिरताय. सगळ्यांना हसवत."

मंडळी, मी रडलो. मला सुंदर रडता येतं, मागणीनुसार. हे तसं नव्हतं. नाक गळत होतं, उचकी लागली होती, पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही. आत्ता डॉक्टरांना सांगणार. उद्याची सुटी रद्द होईल."

"तुम्ही फसवलं मला."

"नाही. विचारलं."

"आणि साखरपुडा?"

"ते घरच्यांनी बघायचं. ताईंना तुम्ही सांगायचं. मी बाजूला बसते."

माप

मंगल आली ती नेहरू शर्ट घेऊनच. साखरपुड्यासाठी स्वतः शिवलेला, बटणं लावायची राहिलेली. मी बारीक झालो होतो म्हणून पुन्हा माप घ्यायचं होतं. "हात वर करा," म्हणाली आणि छातीभोवती टेप लावली. नसरीन सिस्टर खाटेच्या टोकाशी बसलेली.

हात वर केलेल्या अवस्थेत मी ते बोललो. दुसऱ्या कुठल्या अवस्थेत जमलं नसतं.

"मंगल, मला मरावंसं वाटतं. साखरपुडा झाला की मी मरणार होतो."

टेप जागच्या जागी थांबली.

"गप्प," ती म्हणाली. मग सिस्टरकडं वळून, "असं बोलू देऊ नका ना त्यांना. तोंडातून निघालं की होतं."

"ताई, तोंडातून निघत नाही तेव्हा होतं," सिस्टर म्हणाली. "बोललं म्हणून, विचारलं म्हणून ते कुणाच्या डोक्यात नव्यानं शिरत नाही. आधीच असतं. एकटं असतं."

मंगलनं टेप माझ्या छातीवरून ओढून काढली. आणि मग तिला राग आला. मी तिला इतकी रागावलेली कधी पाहिली नव्हती.

"म्हणजे रविवारी मी पेढे वाटत असते, आणि तुम्ही तिथं उभं राहून हसत असता. माझ्याकडं बघून. हे ठरवून."

"व्हय."

"तुमचा मुडदा…"

आमच्याकडची ही रोजची शिवी. मुडदा बशिवला तुमचा, म्हणत बायका चहा पुढं करतात. मंगलनं ती अर्ध्यात गिळली. तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तिनं टेपनंच माझ्या खांद्यावर दोन फटके मारले आणि तिसऱ्याला तोच खांदा धरून बसली. सिस्टर जागची उठली नाही.

थोडं थांबून

हे लिहितोय तेव्हा मी पुन्हा वेरूळला जातो. एका दिवसात एकच फेरी, मंगलचा हुकूम. गोळ्या चालू आहेत. झोप कमी झाली आणि मी फार हुशार वाटायला लागलो, की शीतल सरळ डॉक्टरांची वेळ घेते.

हे वाचणाऱ्यात कुणी माझ्यासारखा असेल, तर त्याला एवढंच सांगतो: तो विचार खरा वाटतो, पण तो आजाराचा असतो, आणि त्यावर उपचार आहेत. एका माणसाला सांगा. आजच सांगा. घरच्याला, डॉक्टरला, सरकारी हेल्पलाइनवर बसलेल्या अनोळखी माणसाला, कुणालाही. आणि तुम्ही घरचे असाल, तर विचारा. शब्द शोधू नका, सरळ विचारा. आणि उत्तर आलं की माणसाला एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता पुढं.

फोन

"कांताबाईंना काय सांगायचं?" मी विचारलं. "कावीळ उलटली म्हण. माळ वर गेली म्हण."

मंगलनं उत्तर न देता फोन लावला. कांताबाईंचा आवाज असा, की स्पीकरची गरज पडत नाही.

"बोला इहीणबाई! माळ कुठवर आली?"

"इहीणबाई, ती कावीळ नव्हती."

"मंग?"

"मनाचा आजार आहे ह्यांना. मनाच्या वॉर्डात आहेत. जीव द्यायचा विचार येतो त्यांना." मंगलनं फोन दोन्ही हातांत धरला. "रविवारचं जमायचं नाही. आम्ही खोटं बोललो. आता सोयरीक ठेवायची का नाही, ते तुम्ही ठरवा."

तिकडून लांबवर ट्रॅक्टर चालल्याचा आवाज तेवढा येत होता. मला शीतल दिसत होती, गुलमंडीच्या साडीत.

"आमचे धाकले दीर," कांताबाई बोलल्या. हा त्यांचा आवाजच नव्हता. "गावाला आमी सांगितलं, हार्टॲटॅक आला म्हून."

मंगलनं माझ्याकडं पाहिलं.

"मला दिसत व्हतं, इहीणबाई. ते जेवत नव्हतं, बोलत नव्हतं. लई दिस दिसत व्हतं. वाटलं, इचारलं तर भलतंच सुचंल त्याला. म्हून म्या इचारलंच नाय." मग एकदम, "ठेवते."

फोन बंद झाला. सोयरीक राहिली की गेली, काहीच कळलं नाही. मंगलनं पुन्हा लावला, उचलला नाही.

शुक्रवार

सकाळी आवारात पथनाट्य सुरू झालं. खिडकीतून डफ ऐकू येत होता, आणि अश्विनीचा आवाज. आज बसस्टँड अजिबात नव्हतं त्यात. मी खाटेवर बसलो होतो. त्या सकाळी विचार आला होता, नेहमीसारखा, जोरात. आता घरच्यांना दिवसभर सोबत राहायला सांगितलं होतं, म्हणून मंगल आणि शीतल सकाळपासून इथंच. शीतल पायाशी बसून नखं कुरतडत होती. "पप्पा, लग्न मोडलं तर मोडलं," ती म्हणत होती, पण फोनकडं बघत होती.

दारात कांताबाई उभ्या राहिल्या. सोबत कुणी नाही. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर, करमाडच्या बसची धूळ तोंडावर. मंगल भिंतीला टेकली. नसरीन सिस्टर टेबलामागून उठून दाराशी आली आणि तिथंच थांबली.

आता काय बोलायला आली असेल ही बाई? सोयरीक मोडायची तर फोनवर मोडता आली असती. पण काही माणसं वाईट बातमी तोंडावर द्यायला येतात. अर्थात माझं तोंड सुरू झालं.

"या या, इहीणबाई! आमच्या महालात स्वागत आहे. डावीकडं पाहा, निद्रिस्त…"

त्यांनी हात वर केला. "ते ऱ्हाऊ द्या, पावणं."

स्टूल ओढलं आणि बसल्या. तिरक्या नाही, अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. नर्सिंगच्या मुलीनं असं केलं असतं तर सिस्टर ओरडली असती. सिस्टर दारात गप्प उभी होती.

कांताबाईंचे ओठ दोनदा हलले. पदराचं टोक मुठीत आवळलेलं.

"पावणं," त्या म्हणाल्या, "आज आला व्हता का त्यो इचार?"

पाटील खाटेवर उठून बसले. मला वाटतं, त्या बाईनं ते वाक्य करमाडपासून बसमध्ये घोकत आणलं होतं, आणि ते एकट्या माझ्यासाठी नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो. "सकाळी आला व्हता."

"आन् आता?"

मी खरंच शोधून पाहिलं. "आता हाय. पण जरा लांब."

त्यांनी मान हलवली. पिशवी शीतलकडं दिली, "भाकरी हायेत गं, गार व्हतील," म्हणाल्या, आणि चपला काढून माझ्या खाटेखाली सारल्या.